दुर्मीळ सरांनी दिलेला दिवस

प्रयोगशाळेत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठीमागे मोजणीबाई. पाठीमागचं नाव तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, कारण काम होतंच मोजणीचं. जमिनीखालच्या गोल भुयारात प्रोटॉनचे दोन झोत एकमेकांच्या उलट दिशेनं धावत आणि ठरलेल्या जागी एकमेकांतून आरपार जात. तिथे टकरा घडवायची यंत्राची ताकद किती, हे सांगणाऱ्या आकड्याला ल्युमिनॉसिटी म्हणतात. शब्द उजेडाच्या घराण्यातला, पण उजेडाशी त्याचं काही देणंघेणं नाही. झोतात कण किती आहेत आणि तो झोत किती बारीक आवळून आणलाय, यावर तो ठरतो. यंदा यंत्र कसं चाललं, असं कुणी विचारलं तर उत्तर याच आकड्यात द्यायचं.

शिवाय हा आकडा नुसता यंत्राच्या कौतुकापुरता नव्हता. एखादी गोष्ट डिटेक्टरमध्ये अमुक वेळा दिसली, हे जास्त झालं की कमी, हे ठरवायचं तर ती एकूण किती टकरांमधून दिसली हे आधी कळायला हवं. म्हणून तिथल्या प्रत्येक निष्कर्षाच्या पोटात मोजणीबाईंचा आकडा असायचा. मिठासारखा. असला की कुणी नाव काढत नाही, चुकला की सगळ्यांची तोंडं वाकडी.

अशी तोंडं वाकडी एकदा झालीही होती, आणि त्यात दुर्मीळ सर होते.

दुर्मीळ सर म्हणजे तिथले एक ज्येष्ठ. एका कणाचं एक विशिष्ट तऱ्हेनं होणारं विघटन ते उमेदीच्या वयापासून शोधत होते. ते इतकं क्वचित घडतं, की मुळात घडतं का, इथूनच वाद. कुठल्याही बोलण्यात पाच-सात वाक्यांनंतर त्यांचा 'दुर्मीळ' हा शब्द यायचाच, म्हणून हे नाव पडलं. काही वर्षांपूर्वी त्यांच्या गटाला आलेखावर एक उंचवटा दिसला. अपेक्षेपेक्षा जास्त घटना. मोठ्याने कुणी काही बोललं नाही, पण व्हरांड्यातली चाल बदलली. दुर्मीळ सर लिफ्टऐवजी जिन्याने वर यायला लागले, तेही दोन-दोन पायऱ्या गाळून.

त्याच सुमाराला मोजणीबाईंच्या लक्षात आलं, की टकरा मोजणारा आपला एक मापक झिजला आहे आणि बरेच महिने तो कमी दाखवत आला आहे. ल्युमिनॉसिटी खरं तर धरली होती त्याहून जास्त होती. म्हणजे टकरा जास्त झाल्या होत्या. म्हणजे त्या साध्यासुध्या, काहीच नवं नसलेल्या घटनाही जास्त दिसायला हव्या होत्या. हिशेब नव्याने मांडला तेव्हा सरांचा उंचवटा जवळजवळ सपाट झाला.

बैठकीत सांगण्याआधी ती त्यांच्या खोलीत गेली होती, एकटी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खिडकीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "हे आज सांगताय?"

"आजच कळलं, सर."

"ठीक आहे."

त्यानंतर ते तिच्याशी कामापुरतं बोलत. लिफ्टमध्ये दोघंच असली, की दोघंही बटणांकडे बघत. तिला मत्सर वाटला, असंही काहीजण म्हणाले. सर तसं म्हणाले की नाही, हे तिला कधी कळलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही. तो काटा तेवढा राहून गेला.

पुढे तिचं स्वतःचंच शरीर बिघडलं. रक्तदाबाच्या जुन्या तक्रारीने हळूहळू दोन्ही किडन्या खाल्ल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. एका हातात सुया, दुसऱ्या हाताने लॅपटॉप. नर्स रागवायची, "अहो, इथे तरी आराम करा." ती म्हणायची, "इथेच वेळ मिळतो." पण चेहरा मातकट होत चालला होता, जिना चढताना ती मध्ये थांबून मोबाइल पाहिल्याचं सोंग करायची आणि नवऱ्याला ते कळायचं. तो आपली किडनी द्यायला एका पायावर तयार होता. तपासण्या झाल्या, आणि त्याच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी त्याचं नाव खोडलं. घरी येऊन तो बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून बसला.

त्या रविवारी तिची नणंद आली. नवऱ्याची धाकटी बहीण, शहर बससेवेत ड्रायव्हर. रुंद खांद्यांची, मोठ्या आवाजाची, एकटी राहणारी आणि त्यात मजेत असणारी. दादाचं लग्न झालं तेव्हा ती शाळेत होती. मोजणीबाईंनी गमतीने तिला 'वन्सं' म्हणायला सुरुवात केली आणि ते चिकटून बसलं. पोरीला 'वन्सं' आणि 'तू', असा दोघींचा व्यवहार.

नणंद स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, मी तपासणी करून आले. आपली जुळतेय."

"कसली तपासणी?"

"किडनीची. भाजी निवडायची थांबव आणि इकडे बघ. दादाला सांगितलं नाहीये, तो रडेल."

मोजणीबाई खाली बसली. "वन्सं, असं नसतं गं. तुझी नोकरी, तुझं शरीर. उद्या तुलाच काही झालं तर?"

"डॉक्टरांनी मला दोन तास हेच विचारलं. शेवटी मीच त्यांना विचारलं, तुम्हाला हवीये की नको?"

"मी तुला काय देऊ याच्या बदल्यात?"

"बदल्यात?" नणंदेला खरोखरच राग आला. "तू या घरात आलीस तेव्हा आई अंथरुणावर होती. मी दहावीला. रोज रात्री तू आईचं सगळं करून माझं गणित घ्यायचीस. मला कधी वाटलं नाही की ह्याचं काहीतरी द्यायला हवं. आता तू तसलं बोलणार असशील, तर मी चालले."

ती गेली नाही. चहा प्यायली, पातेलं घासून ठेवलं आणि निघताना दादाला सांगून टाकलं. तो रडलाच.

ऑपरेशनची तारीख मिळाली. मोजणीबाईंनी ती वेळापत्रकाशी ताडून पाहिली. वर्षातून एकदा यंत्राचा एक दिवस तिच्या गटाला मिळायचा. त्या दिवशी झोत अगदी हलके ठेवत आणि एकाला दुसऱ्यावरून केसाहून बारीक अंतराने सरकवत नेत: आधी आडवं, मग उभं. पूर्ण एकमेकांवर आले की टकरा सर्वांत जास्त, बाजूला सरकले की कमी. चढत-उतरत जाणाऱ्या त्या वक्ररेषेच्या रुंदीवरून झोत किती जाड आहे ते कळायचं, आणि त्यावरून वर्षभराचे सगळे मापक जुळवून घ्यायचे. बाकीच्या गटांना त्या दिवशी हाती काही लागत नसे, त्यामुळे ते कपाळाला आठ्या घालून हा दिवस काढत. ऑपरेशन या दिवसानंतर बऱ्याच अंतराने होतं. पण यंत्राच्या शीतकरणात गळती निघाली, सगळं वेळापत्रक पुढे ढकललं गेलं, आणि झोत सरकवून मोजायचा हा दिवस, म्हणजे स्कॅन, नेमका ऑपरेशननंतर लगेचच आला.

"तारीख पुढे घेता येईल का?" तिने डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर बाई शांत स्वभावाच्या. म्हणाल्या, "घेता येईल. तुमच्या नणंदेला विचारते."

मोजणीबाईने विषय मिटवला.

मागे काम सांभाळायला दशांश होता. हा तिच्या गटातला जोडीदार, संख्याशास्त्रातला, चाळिशीचा. जेवणाचं बिल वाटून घेतानाही तो दशांश चिन्हापुढे जायचा, म्हणून हे नाव. कामात त्याच्याइतका चोख माणूस नाही. फक्त चार माणसांसमोर उभं राहिलं की घशाला कोरड पडायची.

"मी फोनवर असेन," ती म्हणाली.

"तुम्ही फोनवर नसाल," दशांश म्हणाला. "तुम्ही भूल उतरलेल्या अवस्थेत काहीतरी सांगाल आणि मी ते ऐकेन. त्यापेक्षा नकोच."

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा तिला नर्सचा आवाज ऐकू आला, "पिशवी भरतेय, डॉक्टर. दुसरी लावू?" नवी किडनी टेबलावरच कामाला लागली होती. खाटेखालच्या लघवीच्या पिशवीतली पातळी नर्स दर तासाला वाकून बघायची आणि तक्त्यावर लिहायची. आयुष्यभर दुसऱ्याच्या मापात चुका काढलेल्या बाईला आपणच असे मोजले जात आहोत याची मोठी मौज वाटली.

दुसऱ्या दिवशी नणंद सलाइनचा स्टँड ढकलत, पोटावर हात धरून, व्हरांड्यातून चालत आली. तोंडाला मास्क, वर मिस्कील डोळे. ती दारातच थांबली, कारण आत यायला मनाई होती.

"दाखव ना पिशवी," ती म्हणाली. नर्सने उचलून दाखवली. "बापरे. माझ्याकडे असताना एवढं काम करत नव्हती ही."

"हसवू नकोस, टाके दुखतात."

"मलाही तिथेच दुखतायत."

दोघी न हसण्याचा प्रयत्न करत एकमेकींकडे बघत राहिल्या. मोजणीबाईला काहीतरी म्हणायचं होतं. घरच्या माणसाला 'आभारी आहे' म्हणायचं म्हणजे त्याला परकं करून टाकायचं, आणि त्याहून वेगळा शब्द सापडत नव्हता. तोंडातून आलं ते इतकंच, "जेवलीस का?"

"सूप दिलं. भांडं धुतलेलं पाणी बरं."

स्कॅनच्या दिवशी सकाळपासून मोजणीबाई फोनकडे बघत नव्हती, म्हणजे फोन सोडून दुसरं काहीच बघत नव्हती. दुपारी तो वाजला. दशांशचा आवाज पडलेला.

"मॅडम, आडवा स्कॅन नीट झाला. सुंदर झाला. उभा निम्म्यावर असताना एका चुंबकाचा वीजपुरवठा गेला. यंत्रानं झोत काढून टाकला."

"पुन्हा भरला का?"

"चुंबक दुरुस्त व्हायला संध्याकाळ होईल. आपली वेळ तोवर संपते. उद्यापासून बाकीच्यांचं सुरू. आणि पुढे वर्षअखेर, मग मोठी बंदी." मोठी बंदी म्हणजे यंत्र खोलून दुरुस्त करायचा लांबलचक काळ. "जुन्या मापावरून आकडा काढला तर अनिश्चितता दुपटीच्या वर जाते. मी दोनदा बघितलं."

तो दोनदा म्हणाला म्हणजे निदान पाचदा बघितलं असणार. ती डोळे मिटून पडून राहिली. यंदा यंत्र पूर्वी कधी नव्हतं इतकं छान चाललं होतं. शेकडो माणसांचं वर्षाचं काम, आणि त्या सगळ्याखाली आपला आकडा भिजलेल्या विटेसारखा.

"उद्या बैठक आहे," दशांश म्हणाला. "एक दिवस मागायला हवा. पण मागणार कुणाकडे? शेवटच्या आठवड्यात एकच दिवस असा आहे जो सगळ्यांचा नाही, एकाच गटाचा आहे. दुर्मीळ सरांचा. त्यांनी यंत्राची खास मांडणी करून घेतलीये त्या दिवसासाठी. दोन वर्षं भांडून."

"त्यांच्याकडे मागू नकोस," ती म्हणाली. "जे आहे ते सांग. काय झालं, काय राहिलं, त्यानं कुणाचं किती बिघडतं. रडगाणं नको, माझं आजारपण तर अजिबात नको. मग जे ठरवतील ते."

फोन ठेवल्यावर तिने नर्सकडे लॅपटॉप मागितला. बैठकीसाठी दोन पानं लिहून द्यावीत असं वाटत होतं. नर्सने दारातल्या नणंदेकडे पाहिलं.

"वहिनी," नणंद म्हणाली, "माझी बस मी रजेवर असताना दुसरा चालवतोय. मला वाटतं तो वळणावर जरा जोरात घेत असेल. पण मी काय फुटपाथवर उभी राहून ओरडू? झोप."

आणि ती झोपली. औषधंही होतीच.

बैठकीत दशांश उभा राहिला आणि आधी पाणी प्यायला. पण तिने सांगितलं होतं तसंच त्याने सांगितलं, एकही वाक्य जास्त नाही. वेळापत्रक सांभाळणाऱ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या म्हणाल्या, "एक दिवस लागेल. माझ्याकडे नाही. कुणी देऊ शकतं का, एवढंच विचारू शकते."

प्रत्येक जण समोरच्या पडद्यावरचं वेळापत्रक असं वाचत होता, जणू त्यात आधी न दिसलेली एखादी ओळ सापडेल.

"आमचा घ्या," दुर्मीळ सर म्हणाले.

बसूनच म्हणाले, आवाज न चढवता. त्यांच्या गटातला एक जण चटकन त्यांच्याकडे वळला. त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"सर, तो दिवस..." वेळापत्रकवाल्या बाई म्हणाल्या.

"मला ठाऊक आहे तो काय आहे ते. मीच मागितला होता." ते थोडे थांबले. "हिशेबाचंच बोलायचं तर, इतक्या ढिल्या ल्युमिनॉसिटीवर मी माझ्या त्या दिवसाचं काय करू? पण खरं कारण ते नाही. ते सांगायला हवं, कारण मी ते बरीच वर्षं सांगितलेलं नाही. आमचा तो उंचवटा तुम्हाला आठवत असेल. बाहेर सांगायचं भाषण माझं लिहून तयार होतं. मोजणीबाई..." इथे ते अडखळले, कारण हे नाव बैठकीत घ्यायचं नसतं, "...मॅडम माझ्या खोलीत आल्या. त्या थेट बैठकीत बोलू शकल्या असत्या. आधी माझ्याकडे आल्या. माझा मान राखला आणि मला खोटं बोलण्यापासून वाचवलं. मी 'ठीक आहे' म्हणालो. आजपर्यंत तेवढंच म्हणालोय."

ते दशांशकडे वळले. "आमचा दिवस तुमचा. उभा-आडवा दोन्ही पुन्हा करा, अर्धंमुर्धं नको. आणि चुंबकाच्या वीजपुरवठ्याकडे आधीपासून एक माणूस उभा करा. माणूस नसेल तर मी उभा राहतो."

दशांशने हे सगळं फोनवर मोजणीबाईंना सांगितलं. दोनदा थांबला. दुसऱ्यांदा थांबला तेव्हा त्याने विचारलं, "आहात ना, मॅडम?"

"आहे मी," ती म्हणाली. "ऐकतेय."

सरांचा तो दिवस आला तोवर तिला खाटेवर टेकून बसता येत होतं, आणि नणंद घरी जाऊन पुन्हा तिला बघायला येऊ लागली होती. डॉक्टरांनी तिला मास्क, झगा चढवून खुर्चीवर, जरा लांब, बसायची परवानगी दिली. यंत्राची स्थिती दाखवणारं पान मोबाइलवर उघडता येई. नणंदेने तो दोघींना दिसेल असा टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला.

"हे ठिपके काय आहेत?"

"एकेक ठिपका म्हणजे झोत जरासा सरकवला, थांबले, टकरा मोजल्या."

"सोपं करून सांग. गणित नको."

मोजणीबाईने विचार केला. "समज, तुझ्या डेपोचा लांब बोळ आहे. पाळी सुटली, इकडून माणसं निघाली. पाळी लागली, तिकडून माणसं आली. किती जणांचा एकमेकांना धक्का लागेल?"

"किती माणसं आहेत त्यावर."

"आणि?"

"आणि बोळ किती रुंद आहे त्यावर. रुंद असला तर सगळे सुखात जातील."

"झालं. तीच ल्युमिनॉसिटी. आम्हाला धक्के हवे असतात, म्हणून आम्ही बोळ अरुंद करतो. आज त्या बोळाची रुंदी मोजायची आहे. पट्टी लावता येत नाही, इतका तो अरुंद आहे. म्हणून एका बाजूची माणसं थोडी-थोडी सरकवतो आणि धक्के कधी थांबतात ते बघतो."

"आणि ह्यासाठी त्या सरांनी स्वतःचा दिवस दिला?"

"हो."

"चांगला माणूस आहे," नणंद म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे पाहू लागली.

ठिपके चढत गेले, वर पोचले, उतरू लागले. आडवा स्कॅन संपला. मग उभा सुरू झाला. चढणीवर, मागच्या वेळी जिथे थांबला होता तिथे, मोजणीबाईने श्वास रोखून धरला. नर्स रक्तदाब घ्यायला आली होती, यंत्रावरचा आकडा बघून म्हणाली, "हे काय? काही बघताय का तुम्ही?"

"मॅच," नणंद म्हणाली.

पुढचा ठिपका पडला. त्याच्या पुढचाही. वक्ररेषा माथ्यावर गेली आणि पलीकडच्या बाजूने, तितक्याच डौलात, खाली उतरली. थोड्या वेळाने दशांशचा फोन आला. मागे कंट्रोल रूममधली गडबड ऐकू येत होती.

"झाला. दोन्ही झाले. मॅडम, सर सकाळपासून खरंच वीजपुरवठ्याच्या पॅनेलसमोर खुर्ची टाकून बसले होते. इंजिनियर वैतागला, पण हलले नाहीत. तुमच्याशी बोलायचंय का विचारलं, तर नको म्हणाले, त्यांना आराम करू दे."

तिने फोन छातीवर ठेवला. बाहेर ऊन होतं. शेजारच्या खोलीतल्या बाईंना भेटायला कुणीतरी आलं होतं, स्टुलाचे पाय फरशीवर सरकले. तिला वाटलं, आपण या दोन आठवड्यांत कुणालाच काही दिलं नाही, नुसतं घेतलं. आणि आश्चर्य म्हणजे, त्याचं ओझं वाटत नव्हतं.

घरी गेल्यावर बरेच दिवस कुणाला भेटायचं नव्हतं. भेटीगाठींवरची बंदी उठली तेव्हा पहिला फोन दुर्मीळ सरांचा आला, येऊ का म्हणून. ते मास्क लावून आले आणि कुठे बसावं ते न कळून उभेच राहिले. नणंद घरात होती. तिच्या डेपोतल्या सहकाऱ्यांनी पाळ्या आपसात वाटून घेऊन तिची रजा वाढवून दिली होती, आणि ती इथे येऊन भावाला घर कसं चालवावं याचे धडे देत होती.

"तुम्हीच का त्या?" सरांनी तिला विचारलं.

"मीच ती. तुम्हीच का ते?"

सर हसले. मग खुर्चीत टेकले.

मोजणीबाई म्हणाली, "सर, मला तुमचे आभार मानायचे होते. कसे मानायचे ते ठरत नव्हतं, म्हणून फोन केला नाही."

"माझी बाकी जुनी आहे. आधी माझे होऊ द्या." ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. "त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मी दार लावून घेतलं होतं. राग तुमचा आला नव्हता. मला वाटलं, आता एवढं वय झालं, पुन्हा शून्यापासून सुरू करायचं बळ कुठून आणायचं? तुम्ही समोर दिसलात की ते आठवायचं. म्हणून बघत नव्हतो."

"मी समजत होते, तुम्ही मला क्षमा केली नाही."

"कशाबद्दल?" ते मनापासून म्हणाले. "तुम्ही केलं काय होतं?"

नवऱ्याने चहा आणला. दुर्मीळ सरांनी कप हातात घेतला, मास्कमुळे पिता येईना, म्हणून तो तसाच धरून बसले. नणंदेने खिडकी उघडली आणि त्यांची खुर्ची खिडकीशी ओढून दिली. "इथे काढा मास्क, तोंड बाहेर करा आणि प्या." एक मोठे शास्त्रज्ञ निमूटपणे खिडकीबाहेर तोंड काढून चहा प्यायले. मोजणीबाईला पुन्हा टाके आठवले.

वर्ष सरलं. दशांशने आणि तिने मिळून आकडा काढला. अनिश्चितता पूर्वीच्या कुठल्याही वर्षापेक्षा कमी. बैठकीत तो जाहीर झाला तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळ्यांनी खाली मान घालून तो आपापल्या हिशेबात घातला. तिला तेच हवं होतं.

दुर्मीळ सरांचं विघटन मात्र सापडलं नाही. तो एक दिवस असता तर सापडलं असतं का, हा प्रश्न त्यांच्या गटात निघाला, आणि त्यांनी स्वतःच हिशेब करून दाखवलं की एका दिवसाने काही फरक पडला नसता. पण ते विघटन जास्तीत जास्त किती वेळा घडू शकतं, याची जी मर्यादा त्यांनी घातली, तिच्याइतकी नेमकी मर्यादा आजवर कुणी घातली नव्हती. आता दुसऱ्या कुणाला ते शोधायचं असेल तर नेमकं कुठून सुरुवात करायची, ते ठरलं होतं.

त्या व्याख्यानाला मोजणीबाई मागच्या रांगेत बसली होती. सगळं झाल्यावर प्रश्न सुरू झाले. एका परगावच्या पाहुण्याने विचारलं, "इतकी कमी अनिश्चितता? ल्युमिनॉसिटीवर तुमचा एवढा विश्वास?"

दुर्मीळ सरांनी माइक जवळ घेतला. "हो," ते म्हणाले. "एवढा." आणि पुढच्या प्रश्नासाठी त्यांनी दुसऱ्या बाजूला बोट केलं.

मोजणीबाई तिथून थेट दवाखान्यात गेली. तपासणीचा दिवस होता. नणंद आधीच येऊन, रक्त देऊन, कोपरात कापूस दाबून बाकावर बसली होती. दोघींचे अहवाल चांगले होते. डॉक्टरांनी दोघींना एकदमच आत बोलावलं आणि आता पुढची खेप बऱ्याच महिन्यांनी, असं सांगितलं.

बाहेर आल्यावर मोजणीबाई चालता चालता थांबली. "वन्सं, एक बोलायचं होतं. इतके दिवस जमत नव्हतं."

"मग आता कशाला?"

"आता जमेल असं वाटतंय."

नणंदेने कापूस कचऱ्याच्या डब्यात टाकला, बाही खाली ओढली आणि तिच्याकडे वळून उभी राहिली. "बरं, बोल," ती म्हणाली. "ऐकते."

आणि मोजणीबाई बोलली. वेळ बराच लागला, शब्द काही नीट जुळले नाहीत, मध्येच एकदा दोघींना बाजूला सरून एका स्ट्रेचरला वाट द्यावी लागली. पण तिने सगळं बोलून टाकलं, आणि नणंदेने मध्ये एकही विनोद केला नाही.